बागेची बेणणी दोघांनी करताय? मग या चुका टाळा

राजापूर तालुक्यात आमची साडेतीन एकर जागा आहे. हापूसची कलमं, थोडी काजू, घरामागे माड आणि पोफळी. मुंबईच्या नोकऱ्या संपवून आम्ही दोघं इथे आलो त्याला 14 वर्षं झाली. आता अशी जागा घेऊन येणारी जोडपी खूप दिसतात, आणि गणपती गेले की बेणणी, म्हणजे बागेतलं पावसात वाढलेलं गवत कापणं, आणि त्यासोबत त्यांच्या तक्रारी सुरू होतात. दर वर्षी त्याच. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

पहिली चूक म्हणजे एकच काम अर्धं अर्धं वाटून घेणं. "तुम्ही मशीन चालवा, पेट्रोलचं मी बघते," असं आम्हीही ठरवलं होतं. आमचा ग्रासकटर टू-स्ट्रोक आहे. त्यात ऑइल वेगळं घालायला जागा नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आमच्या मशीनला लिटरमागे 40 मिली. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात मी पेट्रोलचा कॅन आणून पडवीत ठेवला. चुलीवर भात होता, तो उतरवून ऑइल घालू म्हटलं. तेवढ्यात हे आले, कॅन दिसला, नेहमी मीच मिसळते म्हणून मिसळलेलंच असणार असं समजून टाकी भरली आणि खालच्या मळ्यात गेले. अर्ध्या तासाने मशीनचा आवाज चिरका झाला, मग एकदा खर्र झालं आणि बंद. सुरू करायची दोरी ओढली तर जागची हलेना. पिस्टन चिकटला होता. मेकॅनिकने सिलेंडर उघडून आतले ओरखडे दाखवले, नखाला लागत होते. नेमकी भातकापणी चालू, गडी कुठून मिळणार? दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं झालं, बी पडलं, आणि पुढच्या वर्षी बेणणीचे दिवस दुप्पट लागले.

तेव्हापासून आमच्याकडे काम तोडून वाटत नाही, जागा वाटतो. खालचे दोन मळे यांचे, वरचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, आणि घराभोवतीचं माझं. ज्याच्या जागेत मशीन, त्यानेच पेट्रोल मिसळायचं, गवत कापणारी नायलॉनची दोरी भरायची, शेवटी फिल्टर धुवायचा. मिसळलेल्या कॅनच्या गळ्याला लाल चिंधी बांधतो. चिंधी नसेल तर टाकीत ओतायचं नाही, मग कॅन कुणीही भरलेला असो. आणि बायकांनी मशीन का चालवू नये? चार दिवसांत हात बसतो.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त लागते. घाईत नायलॉनची दोरी थेट कलमाच्या बुंध्याला भिडवतात. कोवळी साल क्षणात सोलून निघते. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते सालीतूनच. साल सगळीकडून गोल निघाली की मुळं उपाशी पडतात, पण पानं बराच काळ हिरवी राहतात, त्यामुळे कळत नाही. आमची तीन वर्षांची सहा कलमं अशी गेली. ऑक्टोबरात दोरी लागली, ती सुकलेली दिसली महाशिवरात्रीला. आता मी आधी कोयतीने प्रत्येक कलमाभोवती हातभर गोल साफ करते, मशीन त्या गोलाच्या आत नेतच नाही. बुंध्याला पाइपचा तुकडा घाला असं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही, आमच्याकडे दोनदा त्याच्या आत वाळवी धरली. वेळ लागतो म्हणून ज्यांना वाकायचंच नाही, त्यांनी कलमं लावायची घाई करू नये.

एकजण मशीन चालवत असताना दुसऱ्याने शेजारी गवत गोळा करायचं नाही. खडा गोळीसारखा उडतो. 15 मीटर लांब राहा.

तणनाशक मारून मोकळं व्हायचं, हा सल्ला उतारावरच्या जागेत ऐकू नका. गवताची मुळं गेली की जुलैच्या पावसात माती पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, वाहून जाते.

खत बुंध्याशी टाकू नका. फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याखाली चर मारून टाका, खाणारी मुळं तिथे असतात. शेणखताचा खड्डा माडांपासून लांब ठेवा, गेंडा भुंग्याच्या अळ्या त्यातच वाढतात.

दगड किंवा पातेऱ्याचा, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांचा, ढीग हाताने उचलू नका, आधी काठीने हलवा. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप तिथेच बसतो. गमबूट दोघांनाही हवेत, एकच जोड आलटून पालटून चालत नाही.

पातेरा जाळू नका, आळ्यात पसरा. आणि जानेवारी संपायच्या आत गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेने 10-12 फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा करा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वणवा कुठून येईल सांगता येत नाही, आणि उभं सुकं गवत मिळालं तर तो कलमांत शिरतो. हे एक काम मात्र आम्ही वाटत नाही. दोघं एकाच दिवशी सकाळी सहाला उतरतो. पुढून हे कोयतीने गवत कापत जातात आणि मागून मी दाताळ्याने सगळं आतल्या बाजूला ओढत येते, खालची माती दिसेपर्यंत.