लहान मुलांना बागेत नेताना या चुका टाळा

बागेत पोराला लागलं की आपण पटकन म्हणतो, "फार मस्ती करतो." पण एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा चूक बरोबरच्या मोठ्या माणसाची असते, आणि तीही प्रेमापोटी झालेली. आपण नको त्या वेळी नेतो, नको तिथे चढवतो, मांडीवर घेऊन घसरतो. जळगावचं बहिणाबाई उद्यान असो, भाऊंचं उद्यान असो की धुळ्या-नंदुरबारच्या एखाद्या कॉलनीतली दोन झोक्यांची बाग असो, चुका त्याच दिसतात.

ऊन उतरायच्या आत निघणं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे जातो. हे आकडे सावलीतल्या हवेचे असतात. उन्हात उभी असलेली पत्र्याची घसरगुंडी त्याहून कितीतरी जास्त तापते. प्लॅस्टिकची किंवा फायबरची असली तरी बिनधास्त राहू नका, तिनेही चटका बसतो. झोक्याच्या साखळ्या, सी-सॉची दांडी, खाली अंथरलेले काळे रबरी मॅट यांचंही तेच.

लहान मुलाची कातडी पातळ असते, त्यामुळे काही सेकंदांतच भाजतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर चटका बसल्यावर तिथून उठायचं हेही सुचत नाही, ते जागच्या जागी बसून रडत राहतं. म्हणून मुलाला बसवण्याआधी आपल्या हाताची मागची बाजू घसरगुंडीवर पाच सेकंद टेकवून बघा. तेवढा वेळ हात ठेवता आला नाही तर मुलाला बसवायचं नाही. ही तपासणी हिवाळ्यातल्या दुपारीही करा, कारण हवा गार असली तरी थेट उन्हातला पत्रा तापलेलाच असतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य मावळता मावळता सात वाजतात. पाच वाजता घरात मुलं कंटाळलेली असतात हे खरं, पण त्या वेळी पश्चिमेचं ऊन घसरगुंडीवर सरळ पडत असतं. साडेसहानंतर निघा. त्याहून चांगलं म्हणजे सकाळी सहा ते आठ. तेव्हा गर्दी नसते, मोठी मुलं नसतात आणि छोट्यांना झोका मोकळा मिळतो.

चटका बसलाच तर भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडत राहा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही लावू नका. फोड आले किंवा तळहाताएवढी जागा भाजली, तर सरळ दवाखाना गाठा.

बाटली नुसती बरोबर असून भागत नाही. खेळणारं मूल पाणी मागत नाही, त्याला थोड्या थोड्या वेळाने थांबवून दोन-दोन घोट पाजावे लागतात. ओआरएसचं पाकीट पिशवीत असू द्या. घरी करायचं असेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र फक्त आईचं दूध. मूल एकदम मलूल झालं, अंग तापलं, उलटी झाली किंवा बोलताना गोंधळू लागलं, तर ऊन लागलंय असं समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर ओलं फडकं फिरवून वारा घाला आणि 108 ला फोन लावा. गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

मांडीवर घेऊन घसरणं

ही चूक सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात फसवी. मूल घाबरतं म्हणून आई किंवा काका त्याला मांडीवर घेतात आणि दोघं मिळून घसरतात. वाटेत मुलाच्या बुटाचा रबरी तळ कडेला किंवा पत्र्याला अडकतो. मूल एकटं असतं तर तिथेच थांबलं असतं. पण मागे मोठ्या माणसाचं वजन असतं, ते थांबत नाही आणि अडकलेला पाय पिळवटून नडगीचं हाड मोडतं. एक-दोन वर्षांच्या मुलांच्या पायाचं हाड मोडण्याचं हे डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं कारण आहे. घसरून आल्यावर मूल पाय टेकवायलाच तयार नसेल, तर "लाड करतोय" म्हणून सोडून देऊ नका, एक्स-रे काढा.

एकटं घसरता येत नसेल तर अजून त्याचं घसरगुंडीचं वय झालेलं नाही. लहान, बुटकी घसरगुंडी शोधा, शेजारी उभे राहा, हात जवळ ठेवा.

जिथे मूल स्वतः चढू शकत नाही, तिथे त्याला उचलून चढवायचं नाही, हाच नियम बाकी सगळीकडे लावा. स्वतः चढलेल्या मुलाला उतरायचंही साधारण कळतं. उचलून ठेवलेलं मूल वर जाऊन गोठतं. मग हे दृश्य रोज संध्याकाळी दिसतं: तीन वर्षांचा पोऱ्या वरच्या कठड्याला घट्ट धरून बसलेला, शिडीवर मागे पाच-सहा मुलं ढकलतायत आणि खालून आजोबा ओरडतायत, "सोड रे बाळा, हात सोड!" अशा वेळी खालून ओरडू नका, त्याचा हातही ओढू नका. आधी मागच्या मुलांना शिडीवरून उतरायला सांगा, ती ऐकतात. मग स्वतः शिडीने वर जा आणि त्याला आल्या वाटेने, शिडीकडे तोंड करून, एकेक पाय ठेवत उतरवा. त्या दिवशी परत वर जायचा आग्रह नको.

झोक्याच्या मागून जाऊ देणं

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाला झोका बांधून वाढलेली आपली माणसं, त्यामुळे झोक्याची भीती आपल्याला वाटत नाही. पण दोरीचा झोका वेगळा आणि साखळीचा, लोखंडी पाट असलेला बागेतला झोका वेगळा. तो पाट बरोबर दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर फिरतो. झोक्याची आडवी दांडी जेवढी उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि तेवढीच मागे मोकळी हवी. दुसरं छोटं मूल बरोबर असेल तर त्याचा हात सोडू नका.

झोके, घसरगुंडीखाली काय आहे तेही बघा. पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट असेल तर उंच खेळणं टाळा. वाळू असली तरी नेमकी पाय टेकतात तिथली उडून गेलेली असते. निदान एक वीत मोकळी वाळू हवी.

गळ्यातला काळा दोरा, ताईत, ओढणी, जॅकेटच्या टोपीची नाडी ही सगळी बागेत जाण्याआधी काढा. घसरगुंडीच्या वरच्या फटीत अडकली तर गळफास बसतो. दोरा काढायला घरच्यांचं मन होत नसेल तर तो कमरेला करगोट्यासारखा बांधा. गळ्यात मात्र नको.

मोबाइल आणि बाक

बाकावर बसून गप्पा चालतील, पण तोंड मुलाकडे हवं. मेहरूण तलावासारख्या पाण्याकाठच्या जागी तेवढ्यानेही भागत नाही, तिथे मूल हाताच्या अंतरावर हवं. दोन-तीन मोठी माणसं असतील तर कोण बघतंय ते बोलून ठरवा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

निघताना रडारड

अचानक उचलून नेलं की मूल आडवं पडतं. आधी पाच मिनिटं राहिल्याचं सांगा, मग "आता शेवटच्या दोन घसरगुंड्या" म्हणा आणि दोनच होऊ द्या. गाडीजवळ कुल्फीचं आमिष दाखवलंत तर उद्यापासून रोज कुल्फी लागेल.

डोक्यावर पडलं तर

लगेच रडलं आणि थोड्या वेळात खेळायला लागलं तर बहुधा चिंता नसते, तरी दिवसभर लक्ष ठेवा. पडल्यावर शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, नेहमीपेक्षा जास्त गुंगी आली, झटका आला, नाका-कानातून पाणी किंवा रक्त आलं, तर वाट न बघता दवाखान्यात न्या. डोक्याला मार न लागता नुसतं नाकातून रक्त येत असेल तर मान मागे टाकू नका, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा. भटकं कुत्रं चावलं किंवा त्याचं नख लागलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. मिरची, चुना, हळद जखमेवर भरू नका.