चाचणी एकच क्षमता मोजते का? सॉफ्टवेअर वापरताना या चुका टाळा

‘क्रॉनबाख अल्फा (चाचणीतील प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा) 0.77 आला, म्हणून चाचणी एकच क्षमता मोजते’ हे वाक्य एम.एड. आणि पीएच.डी.च्या कच्च्या मसुद्यांत हमखास भेटते, आणि ते चूक आहे. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दहा-दहा प्रश्नांचे दोन गट घेतले आणि प्रत्येक गटातील प्रश्नांचा आपसातील सहसंबंध (दोन प्रश्नांचे निकाल किती जोडीने बदलतात याचे माप) 0.3 धरला, तरी वीस प्रश्नांचा अल्फा साधारण 0.77 येतो. अल्फावरून एकमितीयता, म्हणजे चाचणी एकच क्षमता मोजते हे, सिद्ध होत नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडते. एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये घटक विश्लेषण (प्रश्नांमागे किती वेगळ्या क्षमता, म्हणजे ‘घटक’, आहेत हे शोधणारी पद्धत) उघडल्यावर काहीही न बदलता ‘ओके’ दाबले, तर प्रमुख घटक पद्धत आणि ‘आयगेन मूल्य (घटक किती फरक स्पष्ट करतो याचा आकडा) 1 पेक्षा जास्त’ हा निकष आपोआप लागू होतो. हा निकष बहुधा गरजेपेक्षा जास्त घटक दाखवतो. शिवाय बरोबर-चूक, म्हणजे 1 आणि 0 अशा नोंदींवर नेहमीचा, म्हणजे पिअर्सन सहसंबंध काढला जातो. एक प्रश्न 90 टक्के आणि दुसरा 30 टक्के विद्यार्थ्यांनी सोडवला असेल, तर त्या दोघांतील हा सहसंबंध 0.22 च्या वर जाऊच शकत नाही. परिणामी सोपे प्रश्न एका घटकात आणि अवघड प्रश्न दुसऱ्या घटकात जमतात, आणि संशोधक त्यांना ‘मूलभूत ज्ञान’ व ‘उच्च आकलन’ अशी भारदस्त नावे देऊन मोकळा होतो. त्याऐवजी आर या संख्याशास्त्रीय प्रणालीतील साइक पॅकेजमध्ये टेट्राकोरिक सहसंबंध (बरोबर-चूक उत्तरांसाठीचा सहसंबंध) निवडून, हॉर्न यांनी 1965 मध्ये मांडलेले समांतर विश्लेषण करावे; त्यात खऱ्या माहितीतील आयगेन मूल्यांची यादृच्छिक माहितीतील मूल्यांशी तुलना करून घटकांची संख्या ठरवतात. सहसंबंधांचे मॅट्रिक्स (तक्ता) ‘पॉझिटिव्ह डेफिनिट’ नसल्याची, म्हणजे त्यातील आकडे गणिती दृष्ट्या आपसात जुळत नसल्याची, सूचना आली, तर ती दुर्लक्षून पुढे जाऊ नये. जवळजवळ सर्वांनी सोडवलेला एखादा प्रश्न किंवा अपुरा नमुना हे तिचे नेहमीचे कारण असते.

रिकाम्या उत्तरांच्या जागी सरसकट शून्य भरणे ही तिसरी चूक. चाचणी दोन दिवसांत घेतली आणि बीड जिल्ह्यातील काही मुले दुसऱ्या दिवशी आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेली, तर दुसऱ्या दिवसाच्या सगळ्या प्रश्नांवर त्यांना एकदम शून्य पडते आणि सॉफ्टवेअरला एक नवीच ‘क्षमता’ सापडते, जी प्रत्यक्षात हजेरीपट असते. गैरहजेरीची नोंद वेगळ्या संकेताने करावी.

कापसाच्या क्विंटलमागील दरावर एकच उतारा देऊन पाच उदाहरणे विचारली असतील, तर ती पाचही एकमेकांना बांधलेली राहतात: उताराच कळला नाही, तर पाचही अडतात. येन यांचा क्यू-थ्री निर्देशांक (1984) अशा बांधलेल्या प्रश्नांच्या जोड्या दाखवतो; आर प्रणालीतील मिर्ट पॅकेजमध्ये तो मिळतो. मात्र तांड्यावरच्या, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या मुलांना तोच उतारा गणितापेक्षा मराठी वाचनाची परीक्षा ठरत असेल, तर ते संगणकावर शोधण्याआधी दोन-चार मुलांना शेजारी बसवून उतारा मोठ्याने वाचायला सांगावा.