कोकणातल्या बेने इस्रायली कबरस्तानात पूर्वज शोधताना

बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू. अलिबाग, रेवदंडा, पेण या भागात पणजोबांची कबर शोधायला जाणार असाल, तर जाण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नावाची सगळी रूपे लिहून घ्या. इथेच बहुतेकांची गाडी अडते. कागदावरचा सॅम्युएल दगडावर सामाजी असू शकतो, इझिकेल हसाजी. मुंबईत 1796 साली सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी. आडनावातले गावही पाहा: पेणकर, रोहेकर, नवगावकर. शोध त्या गावापासून सुरू करता येतो.

दगडावर हिब्रू वर्ष असेल तर त्यातून 3760 वजा करा, म्हणजे इसवी सन मिळेल. हिब्रू नववर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात येते, म्हणून तेव्हापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला 3761 वजा करावे लागतात. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते; वर्ष असे अक्षरांत लिहिताना पाच हजार बऱ्याचदा गाळलेले असतात. मग उरलेल्या आकड्यात 1240 मिळवा.

पावसाळ्यानंतर गवत वाळले की जा, शक्यतो सकाळी लवकर. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरे उठून दिसतात. ऊन नसेल तर आरशाने बाजूने उजेड पाडा. खडू, तारेचा ब्रश, अॅसिड मात्र कृपा करून वापरू नका. त्याने उरलीसुरली अक्षरेही जातात. मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरते. शेजारच्या कबरींचेही फोटो घ्या, नातलग अनेकदा जवळच असतात.