नीतिमत्त्व समजून घ्यायचंय? तागडीपासून सुरुवात करा

मिरजेत आमच्या घरी दर गुरुवारी बायबलचा अभ्यास असतो. नवीन कोणी आलं की थेट प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र उघडतं, तिसऱ्या अध्यायात अडकतं आणि विचारतं, “काका, हे नीतिमत्त्व म्हणजे नक्की काय हो?” मी पुस्तक मिटायला लावतो. पौलाकडे शेवटी जायचं.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होतो. उभी हयात हळदीची पोती तोलण्यात गेली. म्हणून माझी सुरुवात जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकापासून, १९:३६. खरी तागडी, खरी वजनं, खरा एफा, खरा हिन ठेवा, असं तिथं म्हटलंय. एफा धान्याचं माप, हिन तेला-द्राक्षारसाचं. मराठीत तिथं नीतिमत्त्व हा शब्द दिसत नाही, पण मूळ हिब्रूत चारही वेळा ‘त्सेदेक’ आहे, आणि नीतिमत्त्व ज्याचं भाषांतर तो हाच शब्द. वजनांसाठी तिथला शब्द ‘दगड’ असा आहे, कारण तेव्हा वजनं दगडाचीच असायची. म्हणजे दगडसुद्धा नीतिमान असू शकतो! वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहा.

आता दगड नीतिमान कसा? त्याला काही मन नाही. समोरच्याला त्याचं पुरतं माप मिळालं की झाला. एकदा पावसाळ्यात जतकडच्या एका शेतकऱ्याचा माल तोलत होतो. चार पोती झाल्यावर लक्षात आलं, वजनाच्या पारड्याखाली चिखलाचा गोळा चिकटलाय. वजनं शिक्क्याची, माझ्या मनात पाप नाही, तरी प्रत्येक पोत्यामागं त्याची हळद जास्त जात होती. मी खिळ्यानं चिखल खरवडला आणि पाचवं पोतं चढवलं. आधीची चार काही परत तोलली नाहीत. मागं गाड्यांची रांग होती, अडत्या घड्याळ बघत होता. आमच्याकडं उसाच्या काटामारीवर तावातावानं बोलणारे पुष्कळ आहेत, मीही बोलतो. पण त्या चार पोत्यांचं मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

हे डोक्यात ठेवून पुढचे तीन उतारे वाचा, घाई न करता. पहिला अनुवाद नावाच्या पुस्तकातला, २४:१२-१३: गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत करा, म्हणजे तो ते पांघरून झोपेल, हे तुमचं नीतिमत्त्व ठरेल. इथं शब्द ‘त्सेदाका’. पुढं यहुदी लोकांत दानधर्माला हाच शब्द रूढ झाला.

दुसरा उत्पत्ति ३८. हा वाचताना आमच्या बैठकीत जरा चुळबुळ होते. तामार विधवा सून. सासरा यहूदा धाकटा मुलगा शेला तिला नवरा म्हणून द्यायचं कबूल करून टाळत राहतो. ती तोंड झाकून रस्त्यात बसते, तो तिला वेश्या समजतो, आणि ती गरोदर राहते. तिला जाळायला निघालेला यहूदा तेव्हा तारण म्हणून दिलेली स्वतःची मुद्रा आणि काठी तिच्याकडून आलेली बघतो आणि म्हणतो, ही माझ्यापेक्षा नीतिमान. सोवळेपणाच्या हिशोबानं हे वाक्य लागतच नाही. घरातल्या माणसाचं देणं कोणी बुडवलं, या हिशोबानं लगेच लागतं.

तिसरा यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला, ५:७. देवानं मिश्पात (न्याय) बघितला तर मिस्पाख (रक्तपात) दिसला. त्सेदाका बघितली तर त्सेआका, म्हणजे आक्रोश. मोठ्यानं वाचा, एका अक्षराचा फरक कानाला टोचतो. भाषांतरात तो येत नाही.

मग पौल. इथं तागडी बाजूला ठेवा. बरेच जण ती शेवटपर्यंत धरून बसतात आणि सत्कर्मं एका पारड्यात, पापं दुसऱ्यात असं करतात. पौलाच्या मते आपली सगळी कर्मं घातली तरी पासंगाला पुरत नाहीत. तो उत्पत्ति १५:६ काढतो: अब्रामानं (हाच पुढं अब्राहाम झाला) विश्वास ठेवला आणि देवानं ते नीतिमत्त्व असं गणलं. ‘गणलं’ याला हिब्रूत जे क्रियापद आहे, त्याच्याच नात्यातला अरबी शब्द ‘हिसाब’. तिथूनच आपला हिशोब आला. म्हणजे गोष्ट काट्यावरून वहीवर आली. रोमकरांस १:१७ मधलं ‘देवाचं नीतिमत्त्व’ वाचून जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला आधी राग यायचा, असं त्यानं स्वतः १५४५ मध्ये लिहिलंय. देव त्या नीतिमत्त्वानं शिक्षा करतो असं तो समजत होता. देव ते देतो, हे त्याला मागाहून कळलं. यावरून कॅथलिक आणि ल्यूथरला मानणारे ल्यूथरन शतकानुशतकं भांडले, १९९९ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला संयुक्त घोषणापत्रावर सह्या झाल्या. त्या वादात सुरुवातीला पडू नका. पण याकोबाच्या पत्रातलं २:२४ गाळूही नका. तिथं माणूस नुसत्या विश्वासानं नाही, कर्मांनी नीतिमान ठरतो असं स्पष्ट म्हटलंय, आणि दाखला पुन्हा त्याच अब्राहामाचा. जतचा शेतकरी मला याकोब वाचतानाच आठवतो.

शेवटी पौलानं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या. पंचवीसच वचनं, चहा उकळेपर्यंत होतात. अनेसिम नावाच्या गुलामाला परत पाठवताना पौल त्याच्या मालकाला, म्हणजे फिलेमोनाला, लिहितो: त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन. आणि हे मी माझ्या हातानं लिहितोय, असंही वर घालतो. खातेवही ठेवणाऱ्याला सही लागते, हे त्याला ठाऊक होतं.