लिनक्सची कमांड लाइन शिकायचीय? आधी मशीनलाच विचारा

सुरुवातीला मी नेटवर मिळेल ती कमांड उचलून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, चिकटवायचे. एकदा नावांची यादी अकारविल्हे लावायची होती. 'सॉर्ट यादी > यादी' लिहून एंटर मारला, फाइल उघडून पाहते तर कोरी! एररसुद्धा नाही. कारण नंतर कळलं: '>' म्हणजे निकाल पुढच्या फाइलमध्ये लिहा; ते दिसलं की शेल, म्हणजे आपल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, त्या नावाची फाइल आधी रिकामी करतो, मग सॉर्ट चालवतो. सॉर्टला वाचायला काही उरतच नाही. आणि उपाय माझ्याच मशीनवर होता. 'मॅन सॉर्ट' लिहिलं की त्या कमांडचं माहितीपान, म्हणजे मॅन पेज, उघडतं; त्यात 'डॅश ओ' हा पर्याय दिलेला आहे, त्याने निकाल त्याच फाइलमध्ये लिहिता येतो.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी मॅन पेजेसच सांगते. पहिल्यांदा उघडलं की छाती दडपते, कारण आपण ते गोष्टीसारखं वरून खाली वाचायला जातो. तसं करू नका. '/' दाबून हवा तो शब्द लिहा, एंटर मारा. 'एन'ने पुढच्या जागी जा, 'क्यू'ने बाहेर या. वरच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे कमांड कशी लिहायची त्या नमुन्यात, चौकटी कंसात असतं ते ऐच्छिक, आणि तीन टिंबं म्हणजे ती गोष्ट एकाहून जास्त वेळा देता येते. एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते. कमांडचं नावच आठवत नसेल तर 'अप्रोपॉस' लिहून पुढे कामाचा इंग्रजी शब्द द्या. 'सीडी'सारख्या कमांड बॅश या शेलच्या आतच असतात, त्यांच्यासाठी 'हेल्प सीडी'.

सलग वाचायला विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन' घ्या. पीडीएफ त्यांच्या साइटवर मोफत आहे. झटपट उदाहरणं हवी असतील तर 'टीएलडीआर पेजेस'. कोणी दिलेली लांबलचक कमांड चालवण्याआधी 'एक्सप्लेनशेल' या साइटवर टाका, तुकड्यातुकड्याचा अर्थ समोर येतो.

व्हिडिओ आणि लेख ढीगभर आहेत. मी दोन गोष्टी बघते. फाइली-फोल्डर न विचारता पुसणारी 'आरएम डॅश आरएफ' शिकवताना, हे पुसलेलं कचरापेटीत जात नाही, असं बजावलंय का? नसेल तर बंद करते. आणि नेटवर्कसाठी फक्त 'आयएफकॉन्फिग' ही जुनी कमांड असेल, तिच्या जागी आलेल्या 'आयपी'चं नावही नसेल, तर मजकूर जुना आहे.

हात बसायला मात्र ओव्हरदवायर या साइटवरचा 'बँडिट' हा खेळ खेळाच. एसएसएचने, म्हणजे टर्मिनलमधूनच, त्यांच्या मशीनवर लॉगिन करायचं, पासवर्ड शोधायचा, पुढच्या पायरीवर जायचं. सुरुवातीलाच एक फाइल येते, तिचं नाव नुसतं '-'. 'कॅट' ही फाइलमधला मजकूर दाखवणारी कमांड; 'कॅट -' लिहिलं की टर्मिनल गप्प बसून राहतं. कंट्रोल-सी दाबून बाहेर या आणि 'मॅन कॅट' उघडा. ते गप्प का बसलं, हे तिथे एका ओळीत लिहिलेलं आहे. फाइल उघडायची कशी, ते तुम्ही शोधा.