जुन्या दोन टबांच्या मशीनवर रोजचं धुणं

घरात पंधरा-वीस वर्षांची सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन पडून असेल तर भंगारवाल्याला आवाज देण्याआधी थांबा. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येण्याची सवय असलेल्या सोलापुरात या मशीनचं एक मोठं सुख आहे. तिला नळाचा दाब लागत नाही, बॅरलमधून बादलीनं पाणी ओतलं तरी चालतं आणि कोणतं पाणी कधी सोडायचं हे आपण ठरवतो. आपण ज्याला ड्रायर म्हणतो तो कपडे तापवून वाळवत नाही, गरागरा फिरवून पाणी झटकतो. इथल्या उन्हाला तेवढं पुरतं.

आधी वीज. मशीनला तीन पिनांचाच प्लग हवा. अर्थिंगची वायर कापून दोन पिनांवर चालवलेली जुनी मशीन ओल्या मोरीत जिवावर बेतू शकते. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो आणि अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. मार्च ते जून आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओता, कपड्यांचं शेवटचं पाणी असलं तरी हरकत नाही. बोर्डावर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप तोडणारा स्विच, बसवून घेतलीत तर उत्तम. मशीनच्या तळाची जाळी तुटली असेल तर नवी लावा. उंदीर तिथूनच शिरतात आणि पहिल्यांदा वायरीच कुरतडतात.

आता पाण्याचा हिशेब. मध्यम पातळीपर्यंत टब भरायला साधारण ३५ लिटर, म्हणजे दोन मोठ्या बादल्या लागतात. साबणाचं हे एकच पाणी तीन घाण्यांना वापरायचं: आधी पांढरे, मग फिके रंगीत, शेवटी गडद आणि मळके. पायपुसणी आणि लूमवर घालायचे कपडे सगळ्यांत मागे. लूमवरच्या कपड्यांना लागलेलं कापसाचं तूस कोरडं असतानाच अंगणात झटकून टाका; ओलं झालं की इतर कपड्यांना चिकटतं, नाहीतर ड्रेनच्या झडपेत जाऊन बसतं.

बोअरचं पाणी जड असेल तर पावडरीआधी दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाका आणि टबच्या तळाचा पंखा दोन मिनिटं रिकामाच फिरवा. तसं केलं नाही तर अर्धी पावडर पाण्यातल्या क्षारांशी झुंजण्यातच संपते आणि गडद कपड्यांवर पांढुरका थर राहतो. मग ३० ते ४० ग्रॅम पावडर, पुढच्या प्रत्येक घाण्याला त्याच्या निम्मी. लोकरी आणि रेशमी कपडे या सोड्याच्या पाण्यात घालू नका. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, ही समजूत सोडा. फेस ड्रायरच्या आतल्या आणि बाहेरच्या टबामध्ये अडकला की ड्रायर जडावतो आणि मोटर तापते.

धुलाई साध्या कपड्यांना ६ ते ८ मिनिटं, मळक्यांना १२. टायमर नेहमी घड्याळाच्या दिशेनंच फिरवा, उलटा ओढला की आतले दाते जातात. प्रत्येक घाणा धुतला की साबणासकटच ड्रायरमध्ये एक मिनिट फिरवायचा आणि बाजूला काढून ठेवायचा. खरी बचत इथं आहे. साबणाचं पाणी आधीच झटकलं गेल्यामुळे हिसळायला दोन पाणी पुरतात. तीनही घाणे त्याच क्रमानं आधी पहिल्या, मग दुसऱ्या स्वच्छ पाण्यातून काढा. एकूण खर्च १०५ लिटर. दर घाण्याला तिन्ही वेळा नवं पाणी घेतलं असतं तर ३१५ लागलं असतं. पहिलं हिसळलेलं पाणी फरशी आणि संडासाला, दुसरं बॅरलमध्ये पुढच्या धुण्याला.

मात्र पाणी धरून ठेवताना एक चूक हमखास होते. ड्रेनचा पाईप वर आकड्याला अडकवलेला असतो आणि तसाच ड्रायर सुरू केला जातो. या मशीनना पंप नसतो, पाणी उतारानंच बाहेर जातं. पाईप वर राहिला की झटकलेलं पाणी ड्रायरच्या तळाशी साचतं, टब त्यातच घोटाळतो आणि ‘ड्रायर गेला’ म्हणून मेकॅनिकला फोन जातो. ड्रायर चालू करताना पाईप जमिनीवर हवा, आणि त्याचं तोंड बादलीत बुडलेलं नको. मशीन वीटभर उंच ठेवलीत तर तोंडाखाली उथळ घमेलं लावून तेही पाणी धरता येतं.

आता सोलापुरी चादर. भिजली की तिचं वजन एका हातानं पेलत नाही. जुन्या मशीनमध्ये एका वेळी एकच चादर, पाणी पूर्ण पातळीला, आणि सोबत हूक किंवा चेन असलेला एकही कपडा नको. नक्षीचे मोकळे धागे त्यात अडकून ओढले जातात. आधी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवा, मग ५ मिनिटं फिरवा. रबर जळल्याचा वास आला तर ताबडतोब बंद करा, बेल्ट घसरतोय. नव्या चादरीची पहिली दोन धुणी थंड पाण्यात, एकटीची.

ड्रायरमध्ये चादर गोळा करून कोंबू नका. लांबीत चार पदरी घडी घाला आणि साप वेटोळं घालतो तशी टबच्या भिंतीलगत बसवा, मधली जागा रिकामी सोडा. फट राहिली तर तिथं टॉवेल भरा. वरून हातानं दाबून जाळीची चकती बसवा, मगच झाकण लावा. तरीही मशीन धडधडली तर थांबवून पुन्हा लावा. नुसतं वरून दाबून धरलं तर खालच्या स्प्रिंगांची वाट लागते. मे महिन्यात सुती कपड्यांना दोन मिनिटं फिरवणं पुरे, उरलेलं काम ऊन करतं. पावसाळ्यात चार. सिंथेटिकला कधीही एकच मिनिट, नाहीतर चुण्या बसतात.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत घालायची बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, तशीच टाकली तर तिचे बंद पंख्याभोवती गुंडाळून तुटतात. बंद एकमेकांना सैल बांधा आणि जाळीच्या पिशवीत घालून धुवा. हळदीचा डाग सोड्याच्या पाण्यात लाल होतो. घाबरू नका, उन्हात फिका पडत जातो. शेंगाचटणीच्या तेलाला मात्र आधी वडीचा साबण चोळून दहा मिनिटं ठेवावंच लागतं.

बिघाडांत सर्वांत जास्त दिसतो तो असा: मशीन गुणगुणते, पंखा फिरत नाही. प्लग काढून पंखा हातानं फिरवा. अडकत असेल तर खाली नाणं किंवा पिन गेली आहे; सहज फिरत असेल तर बहुतेक मोटर सुरू करणारा कंडेन्सर बसला. नवा घेताना जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा. बदलायचं काम मेकॅनिककडेच द्या, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते. धुताना पाणी आपोआप कमी होत गेलं तर ड्रेनच्या झडपेत दोरा अडकलाय, झाकण उघडून रबर पुसा. ड्रायरच्या खालीच पाणी ठिबकत असेल तर बेलो, म्हणजे ड्रायरच्या दांड्याभोवतीचं रबरी सील, फाटलाय. ते पाणी थेट मोटरवर पडतं, म्हणून बेलो बदलेपर्यंत ड्रायर बंद ठेवा आणि दुकानात जुना बेलो नमुना म्हणून न्या.

ड्रायरचं झाकण उघडलं की टब काही सेकंदांत थांबला पाहिजे. फिरतच राहिला तर ब्रेक गेला आहे. त्यात हात घालू नका. झाकणाचा स्विच ‘डायरेक्ट करून देतो’, म्हणजे झाकण उघडं असतानाही ड्रायर फिरेल असं करून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

दर तीन महिन्यांनी ३५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व टाका, पाच मिनिटं फिरवून तासभर तसंच ठेवा आणि सोडून द्या. त्या दिवशी ब्लीच वापरू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो. मशीन गच्चीत उन्हात ठेवली असेल तर वर जुनी चादर टाका. उन्हानं प्लॅस्टिकची झाकणं तडकतात, आणि जुन्या मॉडेलचं झाकण शोधत फिरण्यापेक्षा चादर स्वस्त.