नीटला एक ओळ सरकली आणि ९५ मार्क गेले: ओएमआरचा माझा अनुभव

७ मे २०२३, मेडिकल प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेचा पेपर. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. बॉटनीच्या सेक्शन ए चं शेवटचं उत्तर भरलं आणि बघते तर ओएमआरवर (पर्यायाचा गोल रंगवायची, मशीन तपासतं ती उत्तरपत्रिका) १३५ ची ओळ कोरी. १३५ चं उत्तर तर मी आत्ताच भरलं, मग ही कोरी कशी? बुकलेट (प्रश्नपत्रिका) आणि शीट शेजारी धरून उलटं वर वर जात गेले आणि १०८ ला येऊन थांबले. १०८ मला येत नव्हता म्हणून सोडला होता, पण गोल भरताना त्याची ओळ सोडायचीच राहिली. १०९ चं उत्तर १०८ ला, ११० चं १०९ ला, असं करत करत २७ उत्तरं एकेक घर वर सरकली होती.

मी शाळेपासून पहिल्या तीनात असणारी मुलगी. अकरावी-बारावी लातूरला हॉस्टेलवर राहून केली, एनसीईआरटीचं बायोलॉजी इतक्या वेळा वाचलं होतं की कुठली आकृती पानाच्या डाव्या बाजूला आहे तेसुद्धा डोळ्यासमोर यायचं. त्यामुळे हे पहिल्यांदा नीट देणाऱ्यांसाठी आणि खास करून अभ्यासू मुलांसाठी लिहितेय, कारण आपल्याला सगळे सिलॅबस शिकवतात पण हे कुणी शिकवत नाही, "तू तर हुशार आहेस, तुला काय सांगायचं" असं म्हणून पुढे जातात.

तेव्हा पॅटर्न वेगळा होता. पेपरात २०० प्रश्न, सोडवायचे १८०, वेळ दुपारी २ ते ५:२०. प्रत्येक विषयात सेक्शन ए चे ३५ सक्तीचे आणि सेक्शन बी च्या १५ पैकी कुठलेही १०. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर वजा १. माझी पद्धत अशी होती की बायो आधी बुकलेटवरच सोडवून टाकायचं, गोल "नंतर एकदम करू", मग केमिस्ट्री आणि फिजिक्स. म्हणजे बायोचे ९० गोल शेवटच्या २५ मिनिटांवर ढकलले होते, तेही फिजिक्सने डोकं तापलेलं असताना. टेस्ट सिरीजमध्ये हे कधी नडलं नाही कारण तिथे मी बहुतेक वेळा घड्याळ थांबवून मग गोल भरायचे. ही खरी चूक. १०८ ची ओळ ही त्या चुकीला आलेलं फळ.

हात वर करून मॅडमना विचारलं की दुसरी शीट मिळेल का. नाही म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं, बुकलेटचा आणि ओएमआरचा कोड जुळत नसेल, शीटच खराब आली असेल असं काही असेल तरच बदलून मिळते, आपल्या चुकीसाठी नाही. बॉलपेन असल्यामुळे खोडता येत नाही, व्हाइटनर चालत नाही. त्याच ओळीत बरोबरचा दुसरा गोल भरला तर दोन गोल झाले म्हणून ते उत्तर चूकच धरतात, वजा १ आहेच. उलट सरकलेल्या ओळींमध्ये एखादं उत्तर योगायोगाने जुळलेलं असतं तेही अशाने जातं. म्हणजे त्या २७ ओळींना हात न लावणं एवढंच शहाणपण उरतं. मला हे त्या क्षणी कुणी सांगितलेलं नव्हतं, मी तीन-चार मिनिटं नुसती बघत बसले. मग झूलॉजीचे पूर्ण गोल बाकी आहेत हे लक्षात आलं आणि ते भरले, बोटाने ओळ दाबून धरून, एकेक. ते सगळे बरोबर घरात पडले. तुमच्यावर अशी वेळ आलीच तर एवढं करा, झालेलं तिथेच सोडा आणि पुढचं वाचवा, कारण मी रडत बसले असते तर झूलॉजीही गेलं असतं.

गेटबाहेर आई उभी होती. "कसा गेला पेपर?" मी म्हटलं चांगला गेला.

हे खोटं मी जवळजवळ महिनाभर चालवलं आणि त्या ९५ मार्कांपेक्षा मला हे जास्त लागलंय. कारण घरचे निवांत होते. एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, पीसीबी ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) मे महिन्याच्या मध्यात होता, त्यात लक्ष घालायला हवं होतं, मी नुसतं जाऊन बसून आले. बाबांनी शेजारी "यंदा होईल बहुतेक" असं सांगितलं होतं. मी रात्री डोळे मिटले की ती १३५ ची कोरी ओळ दिसायची, आणि दिवसा हसून बोलायचं. अभ्यासू मुलांचं इथेच होतं बघा, आपल्याला मार्क कमी पडल्याचं सांगता येतं पण चूक केल्याचं सांगता येत नाही. कारण लहानपणापासून आपली घरातली जागाच "हिला सांगावं लागत नाही" अशी झालेली असते.

जूनच्या सुरुवातीला एनटीएने (नीट घेणारी संस्था) प्रोव्हिजनल आन्सर की, म्हणजे तात्पुरती उत्तरसूची टाकली, सोबत आपल्या ओएमआरची स्कॅन केलेली इमेज आणि मशीनने वाचलेली उत्तरं पण लॉगिनमध्ये दिसत होती. तेव्हा लपवणं संपलं. बाबांनी कागद-पेन घेऊन माझ्या शेजारी बसून एकेक ओळ तपासली. १०८ पासून लाल फुल्या सुरू झाल्या, जवळजवळ सलग, आणि बाबा काही बोलेनात. मग मीच सांगितलं. हिशोब असा आला: सरकलेल्या २७ पैकी खरं तर २५ मला बरोबर येत होते, म्हणजे १०० वजा २, ९८ मार्क. सरकल्यावर योगायोगाने ६ जुळले, २१ चुकले, म्हणजे २४ वजा २१, ३ मार्क. फरक ९५. रिझल्ट ५४१ आला, तो ६३६ असता. ५४१ वर ओपनमधून सरकारी एमबीबीएसचा विषयच नव्हता.

नातेवाइकांपैकी एकाने चॅलेंज करायला सांगितलं. तर हे समजून घ्या की आन्सर की चॅलेंज करता येते, तेव्हा प्रश्नामागे २०० रुपये होते आणि ते परत मिळत नाहीत, आणि मशीनने तुमचा गोल वेगळा वाचला असेल तर तेही चॅलेंज करता येतं. पण तुम्ही स्वतः भरलेला गोल चुकीच्या घरात आहे याला चॅलेंज म्हणत नाहीत. मशीनने माझं सगळं अगदी बरोबर वाचलं होतं. दुसरे एक जण म्हणाले कोर्टात जा, आयआयटीच्या मुलाला मिळाली होती सीट. ती केस खरी आहे, २०२० मध्ये जेईई ॲडव्हान्स्डला २७० रँक असलेल्या मुलाने आयआयटी बॉम्बेची इलेक्ट्रिकलची मिळालेली सीट चुकीच्या लिंकवर क्लिक करून घालवली होती, हायकोर्टाने नाही म्हटलं आणि डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला प्रवेश द्यायचा अंतरिम आदेश दिला. पण त्याची रँक त्याच्याकडे होती, चुकली होती ती नंतरची क्लिक. माझी उत्तरपत्रिकाच चुकली होती. असल्या बातम्यांवर महिने घालवू नका.

बाबा रागावले, नाही असं नाही. पण चुकल्याबद्दल कमी आणि महिनाभर न सांगितल्याबद्दल जास्त. दोन दिवस नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री ड्युटीवरून आले आणि म्हणाले, तू गोल कधी भरतेस? मी म्हटलं शेवटी एकदम. बाबा एसटीत कंडक्टर आहेत. म्हणाले, आमच्याकडे तिकिटांचा ट्रे होता तेव्हा प्रत्येक टप्प्याला कुठल्या नंबरपर्यंत तिकिटं गेली ते वेबिलावर लिहायचं, डेपोत जाऊन शेवटी एकदम लिहायला बसलं की एक आकडा चुकतो आणि मग पैसे खिशातून भरायचे. पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसालासुद्धा टप्प्याला थांबावं लागतं, त्यात हुशारीचा काय संबंध.

माझं पूर्ण ड्रॉपचं, म्हणजे परत नीटच्या तयारीचं, वर्ष या एका वाक्यावर उभं राहिलं.

मी काय बदललं ते सांगते. गोल पानागणिक भरायचे. बुकलेटचं एक पान संपलं की त्या पानावरचे गोल लगेच, आणि भरताना मनात नंबर आणि पर्याय दोन्ही म्हणायचे, "एकशे नऊ, तीन". नुसतं "तीन, एक, चार" म्हणत गेलं की ओळ सुटते, माझं तसंच झालं होतं. सोडलेल्या प्रश्नावर बुकलेटमध्ये मोठी फुली, छोटी टिंब नाही, कारण घाईत टिंब दिसत नाही. (ओएमआरवर मात्र अशी कुठलीच खूण करू नका.) पान संपलं की त्या पानाचा शेवटचा नंबर आणि शीटवरचा शेवटचा भरलेला नंबर जुळतोय का बघायचं, हाच तो टप्पा. म्हणजे चूक झालीच तरी तीन-चार ओळींवर सापडते, सत्तावीसवर नाही.

घड्याळ लावून १८० गोल भरून बघितले तेव्हा मला साडेतेरा मिनिटं लागली. तुम्हाला किती लागतात ते एकदा मोजाच, बहुतेकांना माहीतच नसतं आणि तेवढी मिनिटं ते प्रश्नांना वाटून टाकतात. कोऱ्या ओएमआर शीटच्या झेरॉक्स काढून ठेवल्या, प्रत्येक मॉक (सराव पेपर) दुपारी दोन वाजताच, बॉलपेननेच, घड्याळ न थांबवता.

आणि चुकांची वही. त्यात मी "सिली मिस्टेक" हा शब्द लिहायचा बंद केला, कारण तो लिहिला की पुढे काही करावं लागत नाही. त्याऐवजी नेमकं काय झालं ते लिहायचं: "अयोग्य विधान विचारलं होतं, योग्य निवडलं", "युनिट सेंटिमीटरमध्ये होतं", "उत्तर बरोबर, गोल चुकीचा". दोन महिन्यांनी मोजलं तर येत असून घालवलेल्या मार्कांपैकी निम्म्याहून जास्त पहिल्या प्रकारचे निघाले. मग प्रश्नातल्या "अयोग्य", "नाही", "वगळता" या शब्दाला गोल केल्याशिवाय पर्याय वाचायचेच नाहीत असं ठरवलं.

आता पॅटर्न बदललाय, २०२५ पासून १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, १८० मिनिटं, सेक्शन बी नाही. म्हणजे मुद्दाम सोडायच्या ओळी कमी झाल्या पण वेळ २० मिनिटांनी कमी झाला, त्यामुळे गोल शेवटी ठेवणं अजून महागात पडेल. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेलाही ओएमआरच असते, तिथेही हेच. एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर असल्याने ओळ सरकत नाही, पण उत्तर सेव्ह न करता पुढे जाणं ही त्याचीच बहीण, ती सवय मॉकमध्येच मोडा.

आईबाबांना एक विनंती. मूल पेपर देऊन आलं की गेटवर "कसा गेला" विचारू नका, पाणी द्या आणि घरी आणा. रात्री विचारा, आणि विचारताना "काही गडबड झाली का, झाली असेल तर आत्ताच सांग, पुढचं बघू" असं विचारा. मला तसं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं असं मला वाटतं.

५ मे २०२४ ला परत पेपर दिला. त्या वर्षी सगळ्यांचेच मार्क फुगले, ज्या मार्कांवर आदल्या वर्षी सीट मिळत होती त्यावर मिळेना. माझे ६६१ आले आणि सरकारी कॉलेज मिळालं. पेपरात गोल पाच वाजून सहा मिनिटांनी संपले, उरलेल्या वेळात मी २०० पासून खालून वर बुकलेट आणि शीट ताडून बघत गेले. १७३ ची ओळ कोरी सापडली, उत्तर बुकलेटमध्ये होतं, गोल राहिला होता. भरला.

बाहेर आई होती, यावेळी बाबाही रजा टाकून आले होते. कुणी काही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर मीच म्हटलं, फिजिक्सचे सहा डाउटफुल आहेत, गोल सगळे जागेवर आहेत.